छंदघर : मिग-२१ म्हणजे नेमकं कोणतं?



मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलं, की विमानांची मॉडेल्स बनवायची तर सुरुवात कुठून करावी? आपल्यापैकी कोणी इंदूरला आहे, कोणी बडोद्यात, कोणी बंगळुरूला. पण एक विमान सगळ्यांच्याच ओळखीचं आहे, ते म्हणजे मिग-२१. १९६३ साली चंडीगडला ते हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. मग आज त्याच्याबद्दलच बोलू या. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

माझे मामा नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. १९७० साली विशीत लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या पंचाहत्तरीला मी दोन महिने खपून मिग-२१चं मॉडेल बनवलं. बॉक्सवर ‘मिग-२१’ लिहिलेलं होतं, मला तेवढं पुरलं. मामांना म्हटलं, “मामा, हे तुमचं पहिलं विमान.” त्यांनी चष्मा लावला, मॉडेल फिरवून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “सुंदर केलंयस गं. पण हे पंच्याहत्तर आहे. माझं पहिलं सत्त्याहत्तर.”

आता हे आकडे काय, ते सांगते. आपल्याकडे मिग-२१च्या प्रकारांना ‘टाईप’ने ओळखतात. ओझरला आधी बनलं ते टाईप ७७, म्हणजे मिग-२१ एफएल. त्यानंतर टाईप ९६, म्हणजे मिग-२१ एम. आणि मग टाईप ७५, म्हणजे मिग-२१ बिस. आकड्यांच्या क्रमावर जाऊ नका, पंच्याहत्तर हे सत्त्याहत्तरच्या नंतरचं आहे! पुढे बिसमध्येच नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं बसवली, तेच बायसन.

तुमच्या हातातला किट कोणत्या प्रकाराचा, हे ओळखायच्या खुणा मामांनी मला त्या दिवशी पेन्सिलनं कागदावर काढून दिल्या. त्या तुम्हीही लिहून ठेवा.

१. नाकावरची लांब नळी. हिला पिटो म्हणतात, ती हवेचा वेग मोजते. एफएलमध्ये ती वर, अगदी मधोमध असते. एम आणि बिसमध्ये वैमानिकाच्या उजव्या हाताकडे सरकलेली दिसते.

२. पाठीचा कणा. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जाणारा उंचवटा एफएलमध्ये सडपातळ, तर बिसमध्ये चांगलाच जाड आहे.

३. काच. एफएलची पुढची काच आणि छत एकत्रच पुढच्या बाजूला उघडतं. एम आणि बिसमध्ये पुढची काच जागेवर राहते आणि छत उजवीकडे उघडतं. बायसनची पुढची काच अखंड, मध्ये पट्ट्या नसलेली आहे.

४. पंखांखालचे पायलॉन, म्हणजे शस्त्रं टांगायच्या जागा. एफएलला दोन, पुढच्या प्रकारांना चार.

५. तोफ. एम आणि बिसच्या पोटातच तोफ आहे. एफएलमध्ये ती नव्हतीच. १९७१च्या युद्धात पोटाखाली वेगळा गनपॉड लावून त्यांनी उड्डाणं केली. म्हणून ७१चं एफएल करताना पोटाखाली गनपॉड लावलात, तर त्याच जागी इंधनाची टाकी लावू नका. दोन्हींची जागा एकच.

बिसचा किट तासून त्याचं एफएल करायच्या भानगडीत नवख्यांनी पडू नये. कणा, काच, पंख, सगळंच बदलावं लागतं. किट घेतानाच बॉक्सवरचं पूर्ण नाव वाचा, नुसतं ‘मिग-२१’ नव्हे.

प्रमाणाचा हिशेबही समजून घ्या. खऱ्या मिगच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. १:७२ मॉडेलमध्ये ती साधारण ९.९ सेंटीमीटर भरते आणि १:४८ मध्ये १४.९. म्हणजे १:७२ मध्ये तुमच्या हातून एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या विमानावर तो सात सेंटीमीटरहून जास्त! पट्टी घेऊन हा हिशेब मुलांकडून करून घ्या, गुणाकार आपोआप पक्का होतो.

थोड्या कामाच्या गोष्टी. तुकडे चिकटवण्याआधी नुसते जुळवून बघा. नाकाच्या आत थोडं वजन भरा, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. आपल्या हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा रंग असतो. रंगकाम आणि थिनरचं काम खिडकी उघडी ठेवून, तोंडाला मास्क लावूनच करा. कटर मोठ्यांच्याच हातात राहू द्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा नळीसाठी इतका आटापिटा कशाला? मलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी मामींनी एक गोष्ट सांगितली. पेपरात मिग पडल्याची बातमी आली, की मामा चहा तसाच ठेवून आधी विचारत, “कोणता टाईप?” आम्हाला वाटायचं, ही त्यांची कारखान्याची सवय. मामी म्हणाल्या, “सवय कसली? आपल्या हातून गेलेलं तर नव्हतं ना, हे बघायचे ते. वैमानिक वाचला, असं कळेपर्यंत घास उतरायचा नाही.”

त्यांच्यासाठी टाईप म्हणजे नुसता आकडा नव्हता. त्यात कोणाचे तरी हात होते आणि कोणाचा तरी जीव.

दुसरं मॉडेल करायला मला पाच महिने लागले. एफएलचा किट शोधला, नळी मधोमध बसवली, पंखांखाली दोनच पायलॉन लावले. मामांनी ते उचललं आणि त्या सडपातळ कण्यावरून एक बोट फिरवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डाव्या चाकाचं झाकण जरा वाकडं बसलंय.”

ते मी सरळ केलं. पहिलं मॉडेलही त्यांनी परत दिलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आहेत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते फरक ओळखायला लावतात.

तुमच्या घरात, शेजारात कोणी अशा विमानावर काम केलेलं असेल, तर किट उघडण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. सूचनापत्रकात नसलेलं बरंच काही कळेल. आणि काय कळलं, ते मला नक्की लिहा.