विश्लेषण : कॉलेजची ‘गार्ड’ पुढे कुठे जाणार? अमेरिकेत पोर्टल, परभणीत प्रमाणपत्र

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना एप्रिलच्या सुरुवातीला होतो. तो संपतो न संपतो तोच तिथल्या क्रीडा पानांवर एकच चर्चा रंगते : अमुक गार्ड पुढच्या हंगामात कोणत्या विद्यापीठात जाणार? राणीसावरगावसारख्या गावात बारावी झालेल्या, चेंडू हातात खेळवणाऱ्या मुलीच्या घरीही याच सुमारास ‘आता पुढे कुठे’ हा विषय निघतो. प्रश्न सारखा असला तरी तिथे खेळाडूला विद्यापीठे शोधत येतात आणि इथे खेळाडूने संघ शोधायचा असतो. तो चुकीचा निवडला तर काय होते, हे तिला बहुतेक वेळा फार उशिरा कळते.

‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन ‘एनसीएए’ ही संस्था करते. तिने ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू केले. ही एक संगणकीय यादी आहे. खेळाडूने विद्यापीठ सोडायचे ठरवले की तिचे नाव या यादीत येते आणि इतर विद्यापीठांचे प्रशिक्षक तिच्याशी थेट बोलू शकतात. पूर्वी बास्केटबॉलमध्ये विद्यापीठ बदलणाऱ्याला साधारण एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मुभा मिळाली. एप्रिल २०२४ पासून अभ्यासातील अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदलून लगेच खेळता येते.

याच काळात पैसाही आला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती घेता येऊ लागल्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंना थेट देऊ लागली. त्यामुळे ‘कुठे जाणार’ या प्रश्नामागे आता प्रशिक्षक आणि खेळण्याच्या वेळेइतकाच रकमेचाही विचार असतो.

गार्डचीच चर्चा का होते?

गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी, चाल रचणारी, लांबून बास्केट करणारी खेळाडू. उंच सेंटर कोणत्याही संघात रिंगखाली उभी राहते. गार्डचे तसे नाही. चेंडू एकच असतो आणि तो कोणाच्या हातात राहील हे प्रशिक्षक ठरवतो.

हेली व्हॅन लिथचे उदाहरण बोलके आहे. लुइव्हिल विद्यापीठात तिसऱ्या वर्षी ती सामन्यामागे जवळपास २० गुण करत होती. २०२३ मध्ये ती गतविजेत्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे ‘एलएसयू’त गेली. तिथे तिच्यावर चाल रचण्याची जबाबदारी आली आणि सरासरी १२ गुणांच्या आत घसरली. पुढच्या वर्षी ती टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात, ‘टीसीयू’त गेली. तिथे खेळ तिच्याभोवती बांधला गेला, सरासरी १८ च्या घरात गेली आणि २०२५ मध्ये शिकागो स्काय संघाने तिला व्यावसायिक लीगसाठी निवडले. मुलगी तीच, खेळ तोच. संघात तिच्यासाठी असलेली जागा वेगळी. तिची रिकामी झालेली जागा भरायला त्याच वर्षी नोत्र दामची ऑलिव्हिया माइल्स ‘टीसीयू’त आली.

आपल्याकडे असे पोर्टल आहे का?

नाही. आपल्याकडे खेळाडूची बदली वेगळी होत नाही. विद्यार्थिनीचा प्रवेश बदलतो, खेळ त्याच्या मागे फरफटत जातो. टीसी, मायग्रेशन, अभ्यासक्रमाची समकक्षता आणि रिकामी जागा हे सगळे आधी जुळावे लागते. २०२१ पासून ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आहे, म्हणजे एका विद्यापीठात मिळवलेली श्रेयांके दुसरीकडे नेता येतात. कागदावर हे अमेरिकेसारखेच वाटते. मात्र दुसरे वर्ष संपवून आलेल्या मुलीला नवे महाविद्यालय कोणत्या विषयांसह सामावून घेईल, हे शेवटी तिथल्या कार्यालयाच्या खिडकीवरच ठरते.

मग राणीसावरगावच्या मुलीपुढे कोणते रस्ते आहेत?

पहिला रस्ता गंगाखेड किंवा परभणी. घरापासून जवळ, खर्च कमी. पण बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचा पक्का कोर्ट आणि दहा फुटांवरची रिंग लागते, आणि सराव संध्याकाळी असतो. शेवटची एसटी चुकू नये म्हणून सराव अर्धवट सोडणारी मुलगी गार्ड म्हणून तयार होणे अवघड. मुलींचा मोफत एसटी पास बारावीपर्यंतच असतो. त्यानंतर महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, पण रोजच्या ये-जा करणाऱ्याला अर्धे तिकीटही जड जाते.

दुसरा रस्ता नांदेड किंवा लातूर. इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. परभणी, हिंगोली, नांदेड आणि लातूर हे चारही जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे गंगाखेडहून लातूरला गेले तरी विद्यापीठ बदलत नाही. सराव आणि वसतिगृह बदलेल, पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत अंगावर जर्सी तीच असेल.

तिसरा रस्ता छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा नागपूर. इथे विद्यापीठ बदलते. पुणे, नागपूर आणि मुंबईतला नागपाडा ही राज्यातल्या बास्केटबॉलची जुनी ठाणी. भारताचे कर्णधारपद भूषवलेली शिरीन लिमये पुण्याचीच. स्पर्धा तगडी, प्रशिक्षक जास्त, पण संघात जागा मिळण्याची खात्री कमी. २०२४-२५ पासून राज्यात ठरावीक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. खोलीभाडे, मेस आणि वर्षाला झिजणारे बुटांचे दोन जोड त्यात येत नाहीत.

संघ निवडण्याला एवढे महत्त्व का?

कारण आपल्याकडे कॉलेज खेळाचे फळ म्हणजे नोकरी, आणि नोकरी प्रमाणपत्रावर मिळते. महिला बास्केटबॉलपटूला केवळ खेळाच्या पगारावर जगता येईल अशी वर्षभर चालणारी लीग इथे नाही. म्हणून रेल्वे, पोलीस, आयकर अशी खाती हाच चांगल्या खेळाडूंचा मुक्काम. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे रेल्वेच्या महिला संघाचा दबदबा राहिला आहे तो त्यामुळेच.

रेल्वेच्या क्रीडा कोट्यातील खालच्या स्तरांच्या ‘गट क’ पदांसाठी साधारण निकष असा : राज्याकडून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळून संघ पहिल्या आठांत असावा, किंवा विद्यापीठाकडून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळून संघ पहिल्या तिघांत असावा. वय १८ ते २५, आणि त्यात कोणालाही सवलत नाही.

यात ‘संघ’ हा शब्द नीट वाचायला हवा. धावपटू एकटी धावते आणि पदक तिचे एकटीचे असते. बास्केटबॉलमध्ये गार्डने ३० गुण केले आणि संघ पहिल्याच फेरीत हरला, तर तिच्या हाती उरतो फक्त सहभागाचा कागद. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आधी पश्चिम विभागात पहिल्या चारांत यावे लागते, मग देशातल्या बाकी विभागांच्या संघांशी गाठ पडते. म्हणजे अठराव्या वर्षी घेतलेला प्रवेश हा एका अर्थी बाविसाव्या वर्षीच्या नोकरीचा अर्ज असतो. अमेरिकेत चुकलेली निवड पुढच्या एप्रिलमध्ये दुरुस्त होते, जशी व्हॅन लिथची झाली. इथे तशी दुरुस्ती करताना एखादे शैक्षणिक वर्ष जाण्याची भीती असते आणि २५ ची मर्यादा काही पुढे सरकत नाही.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पदाच्या गटानुसार कामगिरीचे निकष बदलतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून ही छाननी कडक झाली आहे. स्पर्धा भरवणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे खेळण्याआधी पाहिलेले बरे. कागद हातात आल्यावर पाहून उपयोग नसतो.

खो-खोतल्या मुलींना हे कसे जमले?

मराठवाड्यातल्या मुली भारताकडून खेळल्या त्या ठळकपणे खो-खोत. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केले, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. तिला पुण्याला जावे लागले नाही, कारण खो-खोची तालीम धाराशिवमध्येच होती. जानेवारी २०२५ मध्ये पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, पण घडली पिंपरी-चिंचवडमध्ये. दोन मुलींचे दोन रस्ते, आणि दोघींच्या बाबतीत रस्ता ठरला तो चांगला संघ कुठे आहे यावर. बास्केटबॉलमध्ये मराठवाड्याजवळ असे धाराशिव नाही, म्हणून इथल्या गार्डला घर सोडण्याचा विचार आधी करावा लागतो.

थेट अमेरिकेला जाता येते का?

काही भारतीय मुली शिष्यवृत्तीवर गेल्या आहेत. कविता अकुला ग्रँड कॅन्यन विद्यापीठाकडून खेळली, हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठात गेली. मात्र विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी खेळाडूला जाहिरातींच्या कमाईवर मोठी बंधने येतात. पोर्टलच्या बातम्यांतले डॉलरचे आकडे तिच्यासाठी नसतात.

प्रवेशाआधी काय विचारावे?

प्रवेशाची धावपळ निकालानंतर लगेच सुरू होते आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्यानंतर काही महिन्यांत. म्हणून टीसी काढण्यापूर्वी नव्या महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. महिला बास्केटबॉलचा संघ दर वर्षी उतरतो का? विद्यापीठ संघात या महाविद्यालयाच्या किती मुली होत्या? यंदा कोणती गार्ड शेवटच्या वर्षाला आहे? आणि सराव किती वाजता संपतो?