वाजवता येतं, थांबवता येत नाही!

ऑफिसच्या सिक्युरिटीवाल्याने परवा माझ्या लॅपटॉप बॅगेतून चार काठ्या बाहेर काढल्या. प्रत्येकीच्या टोकाला लोकरीचा गोळा. 'साहेब, ये क्या है?' म्हटलं, मॅलेट्स. वाजवायचे असतात. 'किस को?' मागे अख्खी लाइन खोळंबलेली. काय सांगणार, कप्पाळ!

तर मंडळी, गेली दोन वर्षं मी व्हायब्राफोन शिकतोय. जाझमधला. नाव ऐकलं नसेल, पण आवाज शंभर टक्के ऐकलाय. जुन्या हिंदी गाण्यांत मध्येच एक घंटीसारखी थरथर उठते ना, पाण्यात खडा टाकल्यासारखी? बऱ्याचदा ते हेच असतं. फिल्म ऑर्केस्ट्रात बुजी लॉर्ड यांनी ते वर्षानुवर्षं वाजवलं. पेटीच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या ३७ धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या. थरथर येते ती या चकत्यांमुळे. आणि पायाशी एक पेडल. दाबलं की सूर घुमत राहतात, सोडलं की सगळे एकदम गप्प.

१९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या एका रेकॉर्डिंगमध्ये लायनेल हॅम्प्टनने हे वाजवलं आणि जाझला नवं खेळणं मिळालं. पुढे मिल्ट जॅक्सनने मोटर हळू केली, गॅरी बर्टनने तर बंदच ठेवली आणि चार मॅलेट्स हातात घेतले. माझा जीव मिल्टवर.

प्रॉब्लेम एकच. वाद्य माझं नाही. ते वांद्र्याला अंकलकडे असतं. अंकल म्हणजे माझे सर, एके काळी हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे. मी ठाण्याला, वन बीएचकेत. म्हणजे वाद्य फक्त शनिवारी. उरलेले सहा दिवस? मी एक प्लायवूड आणलं, मार्करने ३७ पट्ट्या काढल्या आणि रात्री अकरानंतर त्यावर ठोकायला लागलो. बायको बेडरूममधून विचारायची, 'कॅरम चाललाय का रे?'

सहा महिन्यांत मिल्टचं 'बॅग्ज ग्रूव्ह' असं काही पळायला लागलं की माझा मीच फॅन. बारा मात्रांचा नव्हे हं, बारा बारचा ब्लूज. प्रत्येक बारमध्ये चार ठोके. मग एका शनिवारी अंकलनी दोन दोस्त बोलावले, एक गिटारवाला, एक डबल बासवाला. वन, टू, थ्री, फोर... आणि मी सुटलो.

खिचडी झाली हो! पहिला सूर अजून घुमतोय, त्यावर दुसरा, त्यावर पाचवा. गिटारवाले काका सभ्य माणूस, ते खिडकीबाहेर बघायला लागले. अंकलनी पट्ट्यांवर सपाट हात ठेवला.

'मारतोस बरोबर. थांबवत कुठे आहेस?'

प्लायवूड कधी घुमत नाही, त्यामुळे हे मला कळलंच नव्हतं. पेडल सोडलं तर सगळेच सूर मरतात. एकच मारायचा असेल तर एका हाताने नवा सूर वाजवायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातला मॅलेट जुन्या पट्टीवर अलगद टेकवून ठेवायचा. जोरात टेकला तर तोच पुन्हा वाजतो! लिहायला दोन ओळी, पण बसायला... अजून बसतंय. मेट्रोच्या स्पीडने वाजणारं माझं गाणं आता हातगाडीवर आलंय. चार सुरांना कधी कधी अर्धा तास जातो. प्लायवूडवरसुद्धा मी टेकवतो, दाबतो, सोडतो. बायकोच्या मते कॅरम बंद होऊन इस्त्री सुरू झालीये.

गेल्या शनिवारी अंकलनी चहा ओतता ओतता बॉम्ब टाकला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. दिवाळीनंतर ते भाड्याच्या जागेत, तिथे हे धूड मावणार नाही. 'तू घेऊन जा. नाहीतर विकतो.' विकतो म्हणताना कपाकडे बघत होते.

घरी येऊन हॉल मोजला. डायनिंग टेबल काढलं तर बसतं. टेबल सासऱ्यांनी दिलेलं. मी बायकोला सांगितलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. ती टेबलावरून हात फिरवत बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, 'आधी मला ऐकव तरी. दोन वर्षं नुसती टकटक ऐकतेय.'

उद्या ती वांद्र्याला येतेय. मेजरिंग टेप तिनेच पर्समध्ये टाकलाय. मी आत्ता प्लायवूडवर पहिले चार बार घोटतोय, हळू.