बोट आहे, पण चालू होईल का?

पोस्ट थोडी लांब आहे, पण पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

२७ जुलै २०१९ आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी रात्रभर डब्यात. शेवटी एनडीआरएफ आणि नौदलाच्या रबरी बोटी आल्या, हेलिकॉप्टरं आली, आसपासचे गावकरी धावले आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. हे आपल्या शेलूपासून एका स्टेशनावर घडलं. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू रायगडात. पण उल्हास नदी जिल्ह्याची हद्द बघून फुगत नाही.

तेव्हा गाडी अडकली होती म्हणून सगळ्या देशाचं लक्ष होतं. उद्या नदीकाठच्या एखाद्या वाडीत दहा घरं अडकली तर? एनडीआरएफचं मुख्य ठाणं पुण्याजवळ सुदुंबरेला, राज्याच्या एसडीआरएफची धुळे आणि नागपूरला. पावसाळ्यात तुकड्या पुढे आणून ठेवतात हे खरं, पण कर्जत-कल्याण रस्ताच पाण्याखाली गेला तर पहिले काही तास आपले आपणच. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हाही मदतीला आधी धावले ते आसपासचे लोक आणि ट्रेकर पोरं. म्हणून जवळची बोट महत्त्वाची.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याच पट्ट्यात एका शेडमध्ये मी एक बचाव बोट पाहिली. कुठल्या कार्यालयाची ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. फायबरची बोट, वर फाटकी ताडपत्री, मागे आउटबोर्ड इंजिन. शेवटची पाण्यात कधी उतरवली विचारलं तर कुणालाच सांगता येईना. लाइफ जॅकेटं उंदरांनी कुरतडलेली. कागदावर मात्र नोंद असणार: "बोट १, सुस्थितीत".

लोक म्हणतात, जुनी झाली, नवीन घ्या. माझं मत उलट आहे. आधी आहे ती उभी करा. कारण जी सवय जुनीला सडवते, तीच सवय नवीनलाही पाच वर्षांत सडवणार.

आणि बोट परत चालू करणं म्हणजे काही रॉकेट सोडणं नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून चिकट होतं आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजवतं. ते पेट्रोल काढून टाका, कार्बोरेटर खोलून साफ करा. पेट्रोलची नळी आणि तिचा रबरी पंप तडकला असेल तर बदला. प्लग नवे टाका. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून चाक हाताने फिरवून बघा, जाम असेल तर जोर लावू नका. खालच्या गिअरचं तेल दुधासारखं निघालं तर सील गेलंय, आत पाणी शिरलंय. थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर वर्षानुवर्षं एका जागी राहून कडक होतो, तो डोळे झाकून बदला. इंजिन कोरडं चालवायचं नाही, आधी पाण्याच्या मोठ्या पिंपात. मागून पाण्याची धार आली तरच ठीक. इंजिन जिथे बसतं ती मागची फळी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय, आधी ते काम. रबरी बोट असेल तर हवा भरून साबणाचं पाणी मारा आणि २४ तास तशीच ठेवा.

हे करणारी माणसंही लांब नाहीत. अलिबाग, रेवदंडा, उरणच्या कोळीवाड्यांत बोटीची इंजिनं खोलणारी माणसं आहेत. त्यांना बोलवा, मजुरी द्या आणि आपल्या चार पोरांना शेजारी उभं करून शिकवा.

इंग्लंडमध्ये डोनाल्ड कॅम्पबेलची 'ब्लूबर्ड' ही वेगाच्या विक्रमाची बोट १९६७ मध्ये तळ्यात फुटून बुडाली. २००१ मध्ये ती वर काढली, हौशी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून जोडली आणि २०१८ मध्ये पुन्हा पाण्यावर पळवली. ती हौस होती. आपल्याकडे जिवाचा प्रश्न आहे आणि बोट तर बुडालेलीही नाही, नुसती पडून आहे.

पण नुसती बोट असूनही भागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढतानाच बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत किती जण बसवायचे, जॅकेट कुणाला, सुकाणू कुणाच्या हातात, हे पाणी वाढल्यावर ठरवून चालत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ४१: आपत्तीसाठीची साधनं गरज पडताच वापरता येतील अशी सांभाळणं, हे स्थानिक संस्थांचं काम आहे. उपकार नाही, कर्तव्य आहे.

म्हणून मागण्या तीनच:

१. बचाव बोटी कुठे आहेत, किती आहेत आणि शेवटच्या कधी चालवल्या, हे तालुक्याने जाहीर फलकावर लावावं.

२. दरवर्षी पावसाआधी लोकांसमोर बोट पाण्यात उतरवून चाचणी घ्यावी. पाली-भूतिवलीचं धरण जवळच आहे.

३. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीतून निदान चार जणांना बोट चालवायचं प्रशिक्षण द्यावं.

येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न मी लेखी देणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात द्या. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि पाऊस ३० दिवस थांबणार नाही, तेव्हा अर्ज आजच लिहा.

तुमच्या गावाजवळ अशी पडून असलेली बोट माहीत असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. कुणाला शिव्या घालू नका, फक्त गाव लिहा. यादी झाली की सगळे मिळून तहसीलला जाऊ.