अकाली जन्मलेली बालके : जीव वाचल्यानंतरचा प्रश्न

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मणाऱ्या बालकांची संख्या जगात सर्वाधिक भारतात आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२० या वर्षी जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बालके अकाली जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. अकाली जन्मलेल्यांपैकी साधारण १५ टक्के बालके ३२ आठवड्यांच्याही आधी जन्मतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना ‘अतिअकाली’ म्हटले जाते. ही बालके जगावीत यासाठी गेल्या तीन दशकांत देशात मोठे प्रयत्न झाले. मात्र वाचलेली बालके पुढे कशी वाढतात, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले आहे.

उत्तर प्रदेशाची राजधानी लखनऊच्या दक्षिण भागात रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वस्ती आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था याच मार्गावर, तेलीबागपासून जवळच आहे. हाच मार्ग पुढे रायबरेली जिल्ह्यात जातो. त्या जिल्ह्यातील शिवगढ येथे नवजात बालकांच्या घरगुती काळजीविषयी झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणे, लवकर स्तनपान सुरू करणे, स्वच्छता राखणे अशा साध्या गोष्टी कार्यकर्त्यांनी घरोघरी समजावल्या आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. अत्याधुनिक रुग्णालय आणि घरातील ऊब ही नवजात आरोग्यसेवेची दोन्ही टोके अशा रीतीने एकाच रस्त्याने जोडलेली आहेत.

या दोहोंची गरज किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) स्पष्ट होते. जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे देशात सुमारे २५, महाराष्ट्रात १७ च्या आत, तर उत्तर प्रदेशात जवळपास ३६ होते. साहजिकच धोरणाचा सारा भर मृत्युदर कमी करण्यावर राहिला. परंतु मृत्यूचा आकडा बालक जगले एवढेच सांगतो. ते पाहू-ऐकू शकते का, चालायला-बोलायला वेळेवर शिकते का, शाळेत टिकते का, हे त्यातून कळत नाही.

वाढीचे शास्त्र

गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते. लोह व कॅल्शियम यांचा साठाही याच काळात होतो. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बालकाला हा सारा काळ आईच्या पोटाऐवजी काचेच्या पेटीत काढावा लागतो. सुरुवातीच्या दिवसांत वजन घटते. ते सावरल्यानंतर दररोज दर किलोमागे साधारण १५ ग्रॅम वाढ व्हावी, असा प्रयत्न असतो. वजनाइकेच महत्त्व डोक्याच्या घेराला असते, कारण मेंदू वाढत असल्याची ती बाहेरून दिसणारी खूण आहे. आईचे दूध हा या काळातील सर्वोत्तम आहार होय. ते पुरेसे नसेल तर दुग्धपेढीतील दूध उपयोगी पडते. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली दुग्धपेढी ही आशियातील पहिली मानली जाते.

घरी गेल्यावर पालकांचा गोंधळ होतो तो वयाच्या हिशेबाबाबत. बारा आठवडे आधी जन्मलेले बालक सहा महिन्यांचे झाले, तरी विकासाच्या दृष्टीने ते तीन महिन्यांचेच धरावे लागते. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब पाळला जातो. तो ठाऊक नसल्यास शेजारच्या मुलाशी तुलना होऊन आई-वडील विनाकारण धास्तावतात. याउलट, ‘आधी जन्मले आहे, उशीर होणारच’ असे म्हणून खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही असतो.

पुण्याचा अनुभव

यासंदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील अभ्यास मार्गदर्शक ठरतो. १९८७ ते १९८९ या काळात तेथील नवजात विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत आढळला. मात्र पूर्ण दिवसांच्या समवयस्कांपेक्षा तो कमी होता. अकाली जन्मलेली आणि शिवाय गर्भातच वाढ खुंटलेली मुले सर्वांत मागे राहिली. बाराव्या वर्षी वाचन, गणित आणि डोळा व हात यांचा मेळ या बाबतींत अडचणी दिसल्या. अशा अडचणी पहिल्या वाढदिवशी दिसत नाहीत. मूल शाळेत गेल्यावर त्या प्रकट होतात आणि तेव्हा त्यांचा दोष मुलाच्या आळसावर ठेवला जातो.

काही तपासण्यांना तर विलंब परवडणारा नसतो. दृष्टिपटलाचा विकार वेळीच ओळखून उपचार केल्यास अंधत्व टाळता येते. त्यासाठी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, अतिशय लहान बालकांच्या बाबतीत त्याहूनही आधी, डोळे तपासणे आवश्यक असते. ती मुदत टळल्यास गेलेली दृष्टी परत मिळण्याची शक्यता फार कमी असते.

यंत्रणा आहे, दुवा हवा

या कामासाठी योजना नाहीत असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केलेली घरोघरी नवजात सेवेची पद्धत २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. त्या भेटी ४२ व्या दिवसापर्यंत होतात. २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटींची त्यात भर पडली. २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याअंतर्गत विकासातील विलंब ओळखण्याची व जिल्हा केंद्रात उपचार देण्याची तरतूद आहे.

उणीव आहे ती या कड्या जोडण्याची. रुग्णालयाचा घरी सोडण्याचा कागद, ‘आशा’ची नोंदवही आणि शाळेतील तपासणी यांत एकाच बालकाचा माग सलग राहणे गरजेचे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला मूल वरकरणी ठीक दिसत असताना पुन्हा रुग्णालयात जाणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे असते. तेलीबागसारख्या वस्तीत मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असले, तरी ही अडचण केवळ अंतर कमी असल्याने सुटत नाही.

नवजात विभागातून किती बालके जिवंत घरी गेली, याचबरोबर त्यांपैकी किती दोन वर्षांनंतर आणि शाळेच्या वयात तपासली गेली, याचाही हिशेब प्रत्येक जिल्ह्याकडे मागितला जाणे आवश्यक आहे. पेटीतून सुखरूप बाहेर आलेल्या बालकाला पाटी-पेन्सिलीपर्यंत पोहोचवणे ही आरोग्यसेवेचीच जबाबदारी आहे, हे धोरणकर्त्यांनी मान्य केल्यास आजवरच्या प्रयत्नांचे खऱ्या अर्थाने चीज होईल.