‘बदलून बघू’

गाडी बंद पडली तर बरं असतं. गंमत करत नाहीये, खरंच बरं असतं. बंद गाडी टो करून गॅरेजला नेता येते, मेकॅनिक बॉनेट उघडतो आणि जे तुटलंय ते समोर दिसतं. खरा वैताग आणतो तो ‘कधी कधी’ हा शब्द. कधी कधी पिकअप जातो. कधी कधी तिसऱ्या गिअरला झटके मारते. कधी कधी घाटात ओव्हरटेक करताना दम तुटतो, आणि पुढच्या वळणाला काही झालंच नाही अशा थाटात पळायला लागते. आणि गॅरेजमध्ये नेली की? पाहुण्यांसमोरच्या शहाण्या मुलासारखी वागते!

मग पुढचं वाक्य ठरलेलं. "साहेब, पंप बदलून बघू." पंपाने फरक नाही पडला की कॉईल बदलून बघू, मग प्लग, मग अमुक सेन्सर. बिल वाढत जातं, खराबी तिथेच. माझं मत असं की या ‘बदलून बघू’चा दोष मेकॅनिकच्या माथी मारून आपण मोकळे होतो, पण तो रोग जोपासतो आपणच. कसा, ते शेवटी सांगतो.

आधी एक उदाहरण. पोर्श ९४४. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्हीकडे छान वाटलेलं. इंजिनचा कारभार बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीकडे, जिला पोर्शवाले डीएमई म्हणतात. या डीएमईला आणि पेट्रोलच्या पंपाला करंट देणारा एक रिले असतो. साधारण काड्यापेटीएवढा, दिसायला अगदी गरीब. त्याच्या आतल्या सोल्डरच्या जोडांना वर्षानुवर्षांच्या गरमीने आणि हादऱ्यांनी केसासारख्या बारीक चिरा पडतात. गरम झालं की चीर उघडते, करंट तुटतो, इंजिन गप्प. थंड झालं की चीर मिटते, गाडी चालू. म्हणून या गाडीचे जाणकार मालक एक जादा रिले ग्लव्ह बॉक्समध्ये टाकूनच फिरतात.

पण म्हणून ‘९४४ दगा देतेय म्हणजे रिले’ असं म्हणता येतं का? नाही ना! फ्लायव्हीलजवळ दोन सेन्सर असतात, वेग आणि क्रँकची स्थिती सांगणारे. त्यांच्या वायरींचं आवरण गरमीने ठिसूळ होतं, आणि तेही असाच लपंडाव खेळतात. शिवाय हवा मोजणाऱ्या मीटरमध्ये एक झडप असते आणि तिच्यासोबत कार्बनच्या पट्टीवर एक काटा सरकतो. जिथे जास्त सरकतो तिथे पट्टी झिजते. मग ॲक्सिलरेटरच्या नेमक्या तेवढ्याच टप्प्यावर गाडी अडखळते, त्याच्या अलीकडे-पलीकडे ठणठणीत. तीन वेगळ्या जागा, आणि मालकाची तक्रार तिन्हीवेळी एकच: "कधी कधी पिकअप जातो."

मग ओळखायचं कसं? एक युक्ती तर अगदी फुकट आहे. गाडी गिअरमध्ये असताना दम तुटला तर आरपीएमच्या काट्याकडे बघायचं (चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने!). चाकं इंजिनला फिरवत असतानाही काटा धाडकन शून्यावर आला, तर सिग्नलच तुटलाय. रिले, सेन्सर, वायरिंग, तिकडे शोधा. काटा इंजिनबरोबर हळूहळू उतरला, तर आधी पेट्रोलचा पुरवठा तपासा. एकही पार्ट न बदलता अर्धं रान मोकळं झालं.

नव्या गाड्यांत स्कॅनर लावता येतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, पुढे ते बहुतेक जगभर पोचलं. आता फोनला ब्लूटूथने जोडता येणारं स्वस्त यंत्रही मिळतं. पण कोड हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नव्हे. ‘मिश्रणात पेट्रोल कमी’ असा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदला असा निकाल लागत नाही. उलट तो सेन्सर बिचारा इमानदारीने बातमी देतोय, आणि आपण बातमीदारालाच काढून टाकतो.

त्यापेक्षा कोडसोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम बघावी. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, पाणी किती गरम, सगळं त्यात असतं. आणि फ्युएल ट्रिम बघावा, म्हणजे इंजिन ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल ओततंय तो आकडा. आयडलला हा आकडा खूप वर आणि आरपीएम वाढवल्यावर सरळ होत असेल, तर बहुधा कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. उलट आयडलला ठीक आणि जोरात पळवताना वर जात असेल, तर पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. टर्बो गाडीत बूस्टचाही आकडा बघायचा, कारण चिरलेला पाईप उभ्या गाडीत गुपचूप मिटलेला असतो, दाब आला की मगच तोंड उघडतो.

वायरींचंही तेच. मीटरने रेझिस्टन्स मोजला, शून्याच्या जवळ आला, वायर चांगली! असं नसतं. मीटर इवलासा करंट सोडतो, त्याला वायरीचा एक तंतू पुरतो. पंपाला लागणारा करंट त्या एका तंतूतून कसा जाणार? म्हणून पंप चालू ठेवून, जोडाच्या दोन टोकांत किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. पाच मिनिटांचं काम.

आता ‘बदलून बघू’ फसतं का, तर त्यामागे साधं गणित आहे. समजा खराबी सरासरी दहा खेपांत एकदा येते. तुम्ही पार्ट बदलला आणि दहा खेपा गाडी नीट चालली. झाली का दुरुस्त? काहीच बदललं नसतं तरी दहा खेपा नीट जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. ९५ टक्के खात्री हवी तर लागोपाठ २९ खेपा नीट जायला हव्यात. आपण चौथ्या दिवशीच पेढे वाटतो. दुसरं म्हणजे पार्ट बदलताना कनेक्टर निघतो आणि परत बसतो. त्या घासण्यानेच गंजलेला संपर्क साफ होतो आणि श्रेय जातं नव्या सेन्सरला. दोन महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या धंद्यातही हे दुखणं जुनंच आहे. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक का बंद पडतात यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात बघायला गेलं की गायब होणाऱ्या चुकांना हायझेनबग म्हटलंय. आणि ती व्हॅनिला आईस्क्रीमची फॉरवर्ड मेल आठवते? व्हॅनिला घेतलं की गाडी सुरू होत नाही, दुसरा कुठलाही फ्लेवर घेतला की होते. कारण काय, तर व्हॅनिला लवकर मिळायचं आणि तेवढ्या वेळात इंजिन थंड व्हायचं नाही. गोष्ट खरी असो की रचलेली, तिच्यातला इंजिनिअर वेळ लिहून ठेवतो, हे महत्त्वाचं.

पार्ट बदलणं नेहमीच चूक का? मुळीच नाही. खात्रीचा चांगला रिले लावून ‘खराबी गेली तर हा, राहिली तर तो नाही’ असं आधी ठरवून केलं तर तो प्रयोग आहे. काहीच न ठरवता केलं तर तो नवस आहे :-)

आता आपला दोष. दोन तास मीटर घेऊन बसलेल्या मेकॅनिकने त्या दोन तासांचे पैसे मागितले की आपण म्हणतो, "दादा, नुसतं बघायचे एवढे?" तोच माणूस गरज नसलेला सेन्सर टाकून त्यात आपले पैसे काढतो, तेव्हा आपण निमूटपणे देतो. कारण हातात खोका आला ना! स्वतः मात्र ऑफिसात आठवडाभर बग शोधायचा आणि एक ओळ बदलायची याचाच पगार घेतो. एका ओळीचे पैसे लावले तर चालेल का आपल्याला?

कुणी म्हणेल, तास वाढवून फसवतील. फसवू शकतात. म्हणून तासांच्या बदल्यात आकडे मागा. काय मोजलं, किती आलं, त्यातून कशावर फुली मारली, हे कागदावर. आणि आपणही जाताना ‘कधी कधी’ घेऊन जायचं नाही. गाडी गरम होती की गार, टाकीत पेट्रोल किती, कितवा गिअर, चढ की वळण, काटा कसा पडला, हे सगळं लिहून न्यायचं. खराबी मुद्दाम आणायला हायवेवर ट्रकशेजारी प्रयोग करू नका मात्र. ओव्हरटेकच्या मधोमध दम तुटणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "बदलून बघू" ऐकलंत तर एवढंच म्हणा, "दादा, आधी मोजून बघू. मोजायचे पैसे मी देतो." बघा चेहरा कसा बदलतो त्याचा.