मोडीत घालण्याआधी एकदा गाठवून बघा

दिवाळीच्या खरेदीची यादी तुम्ही एव्हाना करायला घेतली असेल. माझी यादी मोबाइलमध्ये तयार होती: एक कुर्ता, कानातले, आईसाठी काहीतरी आणि घरी जायचे तिकीट. तेवढ्यात आईचा फोन आला.

"सोनाराकडे जाऊन आले गं. आजीची बोरमाळ मोडीत घालते आणि तुला एक नाजूक चेन करते. धनत्रयोदशीला घेऊ. चालेल ना?"

"चालेल," म्हणून मी मोकळी झाले. खोटे कशाला बोलू? मी चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये भाड्याच्या खोलीत राहते, दिवसभर लॅपटॉपसमोर बसते. ती बोरमाळ मी आयुष्यात एकदाच घातली आहे, चुलत बहिणीच्या लग्नात. चेन निदान रोज गळ्यात राहील, असा साधा हिशोब होता.

तो हिशोब पुढच्याच रविवारी बदलला. कसा, ते सांगते. कदाचित तुमच्याही घरात सध्या हाच विषय निघाला असेल.

सेक्टर 22 मधला रविवार

चंदीगडमध्ये खरेदीला कुठे जायचे, ते सेक्टरच्या नंबरावरून ठरते. मोकळे, बिनगाड्यांचे, फिरत फिरत बघायचे असेल तर सेक्टर 17. घासाघीस करून स्वस्तात घ्यायचे असेल तर सेक्टर 22 ची शास्त्री मार्केट किंवा सेक्टर 19 चा सदर बाजार. आपल्या तुळशीबागेची सवय असलेल्या मुलीला शास्त्री मार्केटमध्ये लगेच घरच्यासारखे वाटते. तीच गर्दी, तेच "दीदी, देख तो लो".

मागच्या वर्षी अशाच एका टपरीवरून मी "चांदीचे" झुमके घेतले होते. 600 रुपयांत एवढे मोठे झुमके, मी खूश! चौथ्या दिवशी कानाच्या पाळ्या सुजल्या, खाज सुटली. डॉक्टरांनी झुमके हातात घेऊन विचारले, "जर्मन सिल्व्हर आहे का?" तेव्हा मला कळले की जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे आणि अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही. दुकानदाराने फसवले म्हणावे, तर मीही काही विचारले नव्हते.

यंदा म्हणून मी दागिने नुसते बघत होते. पर्समध्ये माझी चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली ठुशी होती. कोल्हापूरच्या गुजरीतून घेतलेली. तिची मागची दोरी उसवली होती आणि गेले चार महिने ती तशीच पडून होती. परांदे विकणारे एक छोटे दुकान दिसले. परांदा म्हणजे वेणीत गुंफायचे रेशमी गोंडे, पंजाबी पेहरावातला अगदी खास दागिना. रंगीत रेशमाच्या लडी बघून वाटले, विचारून तर बघू.

दुकानातल्या काकांनी ठुशी उलटसुलट करून पाहिली. असा दागिना त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्यांनी तो असा काही पिळायला घेतला, की मला थेट आमच्याकडचे पटवेकरी काका आठवले. दहा मिनिटांत नवी दोरी, सरकती गाठ आणि टोकाला लाल गोंडा तयार. म्हणाले, "हम पटवे हैं बेटा, दादा-परदादा से यही काम है."

पटवा आणि पटवेकरी! पट म्हणजे रेशमी वस्त्र, त्यावरूनच दोन्ही शब्द आले. सोनार दागिना घडवतो, पण तो गळ्यात बसतो पटवेकऱ्यामुळे. आपण मंगळसूत्र "गाठवून" आणतो ते यांच्याकडूनच. मोहनमाळ, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज, सगळ्यांचे आयुष्य त्या दोऱ्यावर असते. दोरा झिजला की आपण म्हणतो दागिना जुना झाला. खरे तर जुना झालेला असतो फक्त दोरा.

मोडीचा हिशोब

घरी येऊन मी आईला फोन लावला आणि बोरमाळेचे वजन विचारले. मग आम्ही दोघींनी कागद-पेन घेतले. तुम्हीही घ्या. आकडे समजा म्हणून धरते, पण रीत हीच.

समजा माळेचे वजन 20 ग्रॅम आहे. बोरमाळेचे मणी बहुतेकदा आतून पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून त्यात लाख भरलेली असते. लाख आणि दोरा मिळून 6 ग्रॅम निघाले, तर सोने उरले 14 ग्रॅम. जुने सोने 20 कॅरेटचे भरले, तर त्यातले शुद्ध सोने साधारण 11.67 ग्रॅम. 22 कॅरेटमध्ये मोजले तर ते होते सुमारे 12.7 ग्रॅम. आता नव्या चेनची घडणावळ 12 टक्के आणि त्यावर 3 टक्के जीएसटी धरा. वरून एक पैसा न देता हातात येते साधारण 11 ग्रॅमची चेन. वितळवताना धरलेली घट वेगळीच.

यात सोनाराने फसवले असे नाही. लाखेला सोन्याचा भाव कोण देईल? पण आजीने कधीकाळी जी घडणावळ मोजली होती, ती या हिशोबात कुठेच येत नाही. हाताने घडवलेल्या मण्यांचे काम मुशीत गेले की संपले. 10 ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेल्यावर सोने परत घेणेही सोपे नाही.

हेही सांगते, की मोड घालणे म्हणजे पाप नाही. दवाखान्याचा खर्च असेल, फी भरायची असेल, तर सोने त्यासाठीच असते. आजीही हेच म्हणाली असती. फक्त "कुणी घालत नाही" एवढेच कारण असेल, तर थोडे थांबा.

आमच्याकडे कारण तेवढेच होते. आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तू घालणार नसशील तर मी कुणासाठी सांभाळू? दर वेळी गावाला जाताना लॉकरची चिंता मला." तेव्हा कुठे मला समजले, की तिचा प्रश्न चेनचा नव्हताच. तिने मला विचारले होते, आणि मी न ऐकताच "चालेल" म्हटले होते.

घालायची कशी?

मग मी शब्द दिला, की घालेन. लग्नापुरती नाही, एरवीही. तुमच्या डब्यातल्या दागिन्यांसाठी माझे काही साधे उपाय:

• लांब माळ आखूड करून किंवा दुपदरी गाठवून घ्या. मणी तेच राहतात, रूप बदलते. साध्या खादीच्या कुर्त्यावर छान दिसते.
• ठुशी गळ्याशी बसते, म्हणून कुर्त्याचा गळा मोकळा हवा. बंद गळ्यावर लांब माळ घाला.
• एका वेळी एकच दागिना उठावदार ठेवा. बोरमाळ असेल तर कानात छोटी कुडी पुरे.
• परफ्यूम आधी, दागिना नंतर. मुलामा आणि मोती, दोन्ही जास्त टिकतात.

नवे घेताना

• सोन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचे चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून पडताळा. 2 ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला यातून सूट आहे.
• आजीच्या दागिन्यावर हे शिक्के नसतील तर घाबरू नका. नियम विकणाऱ्या सराफासाठी आहे. तुमचा दागिना बाद होत नाही.
• चांदीवर 925 म्हणजे 92.5 टक्के चांदी. "ऑक्सिडाइज्ड" हे काळसर रंगाचे नाव आहे, धातूचे नाही. म्हणून थेट विचारा, "धातू कोणता?" आणि बिलावर लिहून घ्या.
• हातकाम ओळखायचे तर दागिना उलटा करा. मागच्या बाजूला जोड, डाग दिसतात, दोन मणी तंतोतंत सारखे नसतात.
• पैंजण, जोडवी घ्यायची असतील आणि कोल्हापूरकडे जाणार असाल, तर चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीला जरूर जा.

बोरमाळ आता गुजरीजवळच्या पटवेकऱ्याकडे आहे, दुपदरी होऊन येईल. आईने मात्र बजावले आहे, "भाऊबीजेला घातली नाहीस तर पाडव्यानंतरची मोड पक्की." मी तिला सांगितले, "अगं, पाडवा आधी येतो!" ती म्हणाली, "मग पुढच्या पाडव्याला."

म्हणजे माझ्याकडे एक वर्ष आहे. आईसाठी मी काय घेतले? त्याच दुकानातून एक लाल परांदा. तिचे केस आता खांद्यापर्यंतच आहेत, पण ती म्हणाली, "आण तर खरं, बघू."

तुमच्या डब्यात कोणता दागिना दोऱ्यावाचून पडून आहे? या रविवारी तो बाहेर काढा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, तो कुणी, कुठे, केव्हा घेतला होता. मोडायचा की गाठवायचा, ते त्यानंतर ठरवा.