नेट बैठकीत, अभ्यास मागच्या खोलीत

मराठवाड्यातल्या कंधारसारख्या तालुक्याच्या गावातही आता फायबरची तार खांबावरून थेट घरात येते. जोडणीला आलेला पोरगा रस्त्याकडच्या भिंतीला छिद्र पाडतो, तार आत घेतो आणि ती जिथं आत आली तिथंच, बहुधा बैठकीतल्या टीव्हीमागं, राउटर टांगून मोकळा होतो. स्पीड मोजून दाखवतो तोही राउटरपासून दोन हातांवर उभं राहून. पुढं आठ दिवसांत कुरकुर सुरू होते. बैठकीत नेट पळतं, माजघरात अडखळतं, मागच्या खोलीत बंदच पडतं. मग घरातला कर्ता माणूस कंपनीच्या नावानं बोटं मोडतो आणि शंभर एमबीपीएसचा प्लॅन सोडून दोनशेचा घेतो. माझ्या मते हे वाढीव पैसे वाया जातात. दुखणं घराच्या भिंतीत आहे, आणि त्यावरचा इलाज म्हणजे तांब्याची एक केबल आणि माळ्यावर धूळ खात पडलेला जुना राउटर.

आपल्याकडची घरं वाय-फायला मानवणारी नाहीत. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट रुंद. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली हजारो माणसं गेली आणि त्यानंतर या भागात नवं बांधकाम सिमेंट-लोखंडाकडं वळलं. पण जुनं सगळंच काही पाडलं गेलं नाही. पुढच्या अंगाला नवा स्लॅब, मागं जुनी भिंत, मधल्या बोळावर पत्रे, अशी जोडघरं गल्लोगल्ली आहेत. लहरींसाठी तिन्ही वाईट. दगडमाती त्यांना शोषून घेते, स्लॅबमधलं लोखंड आणि पत्रे त्यांना परतवतात. स्वयंपाकघरात भिंतभर स्टीलच्या डब्यांची मांडणी असेल तर तीही पत्र्याचंच काम करते. राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण ती हळू आणि शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेली. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण जाड भिंतीपुढं लवकर हात टेकणारी. सिग्नल मोजणाऱ्या अ‍ॅपवर बैठकीत उणे ५० दिसणारा आकडा मागं उणे ८० झाला तर तीसचा फरक किरकोळ वाटतो. पण या मापात दर दहाला शक्ती दहापट घटते. म्हणजे मागच्या खोलीत बैठकीतल्या सिग्नलचा हजारावा हिस्साच पोहोचला. चार अँटेनांचा महागडा राउटर आणूनही निम्मंच काम होतं, कारण राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी फोनचा क्षीण आवाज त्याच भिंतीतून परत त्याच्यापर्यंत यावा लागतो. प्लॅन दोनशेचा घ्या नाहीतर पाचशेचा, तो राउटरपर्यंतच येतो. पुढचे तीस फूट ज्याचे त्यानं बघायचे असतात.

हे तीस फूट केबलनं काढावेत. बैठकीतल्या राउटरच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल मागच्या खोलीतल्या जुन्या राउटरच्या लॅन पोर्टातच लावायची. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट रिकामं ठेवायचं. त्याआधी जुना राउटर एकटाच कॉम्प्युटरला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये दोन बदल करायचे. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यायचा, आणि याचं डीएचसीपी बंद करायचं. घरातल्या प्रत्येक फोनला नेटवर्कमधला क्रमांक देण्याचं काम डीएचसीपी करतं. ते दोघांनी सुरू ठेवलं तर एका गावात दोन तलाठ्यांनी सातबारे वाटल्यासारखा घोळ होतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पहिल्या राउटरसारखाच ठेवावा, चॅनेल मात्र वेगळं. २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. नव्या राउटरांत ‘एपी मोड’ असतो, तो निवडला की यातलं बहुतेक आपोआप होतं. पैसे वाचवायचे ते केबलमध्ये वाचवू नयेत. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते. ती न घेता निखळ तांब्याची कॅट-६ मागावी. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. विजेच्या वायरीच्या पट्टीतूनच ती ओढू नये, आणि गच्चीवरून उघडी तर मुळीच नको. मराठवाड्यात वळवाच्या विजा काय करतात हे वेगळं सांगायला नको.

एवढी उस्तवार कशाला, रिपीटर लावला की झालं, असं कोणी म्हणेल. रिपीटर भिंतीअलीकडं लावला तर त्याच्यापुढंही तीच भिंत, पलीकडं लावला तर त्यालाच सिग्नल नाही. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढं सांगतो, त्यामुळं वेग जवळपास निम्म्यावर येतो. मेशचे महागडे संच बिनतारी जोडले तर त्यांनाही भिंत आडवी येतेच. मोबाइलचा डेटा आहेच की, हे म्हणणंही टिकत नाही. टॉवरच्या लहरींनाही हीच भिंत ओलांडायची असते, आणि वर रोजच्या जीबीची मर्यादा. जुन्या राउटरच्या सुरक्षेबद्दलचा आक्षेप मात्र खरा आहे. ज्याला डब्ल्यूपीए-२ येत नाही तो ई-कचऱ्यातच द्यावा, आणि जो वापरायचा त्याचा कारखान्यातून आलेला अ‍ॅडमिन पासवर्ड आधी बदलावा. लाइट गेली की दोन्ही राउटर बंद पडणार, म्हणून बॅटरी बॅकअपही दोघांना हवा. काही फोन खोली बदलली तरी पहिल्या राउटरला चिकटून राहतात. वाय-फाय एकदा बंद-चालू करावं लागतं. आणि घरकुलाच्या २५ चौरस मीटरच्या घरात यातलं काहीच लागत नाही, तिथं एक राउटर भरपूर झाला.

सगळ्यात जोरात मांडला जाणारा आक्षेप वेगळाच असतो. नेट हवं तर बैठकीत येऊन बसावं, त्यात काय एवढं? बैठकीत कोण बसतं हे पाहिलं की उत्तर मिळतं. तिथं टीव्ही चालू असतो, सोयाबीनच्या भावाची चर्चा असते, आल्यागेल्याचा चहा असतो. नीट किंवा एमएचटी-सीईटीची तयारी करणारी मुलगी तिथं तीन तास कानाला इअरफोन लावून बसू शकत नाही; बसली तर दर दहा मिनिटांनी तिलाच पाणी आणायला उठवलं जाईल. लातूर पॅटर्नच्या पंचक्रोशीत शिकवणीच्या फीला लाखभर रुपये काढून देणारं घर तिच्या टेबलापर्यंत केबल न्यायला मात्र काचकूच करतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष सुमारे ६१ टक्के होते, बाया ३८ टक्के. ही दरी भिंतींनी पाडलेली नाही, तिची कारणं मोठी आहेत. फोन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या हातात, इथून ती सुरू होतात. पण फोन हातात आल्यावरही नेट पुरुषांच्या बैठकीतच घुटमळत असेल, तर घराच्या जुन्या मांडणीनं नव्या सोयीचीही वाटणी करून टाकली असं म्हणावं लागतं. ही वाटणी मोडायला ना सरकारी योजना लागते ना कंपनीची परवानगी.

नवं घर बांधणाऱ्यांना तर हे फुकटात पडल्यासारखं आहे. भिंती उघड्या असताना इलेक्ट्रिशियन पंख्याचा, गिझरचा, एसीचा पाइप टाकतोच. त्याच वेळी बैठकीपासून मागच्या खोलीपर्यंत आणि वरच्या मजल्यापर्यंत एक रिकामा पाइप, विजेच्या पाइपापासून वीतभर दूर, टाकून घ्यावा आणि दोन्ही टोकांना एकेक बॉक्स काढून ठेवावा. प्लास्टर झाल्यावर हेच करायचं म्हटलं की छिन्नी-हातोडा, धूळ आणि गवंड्याची मनधरणी आली.